तिळाचं पीक प्रात्यक्षिक पहिल्यांदाच घेताय? सुरुवातीपासून शेवटच्या हिशेबापर्यंत

प्रात्यक्षिक म्हणजे शिफारस केलेल्या पद्धतीने आपल्याच शेतात पीक घ्यायचं आणि जुन्या पद्धतीशी ताडून बघायचं. पण प्रात्यक्षिक म्हटलं की अनेकांना फक्त फुकट मिळणारी बियाण्याची पिशवी आठवते. पिशवी घरी येते, बांधावर फलक लागतो, फोटो निघतो आणि पुढचं सगळं नेहमीसारखंच चालतं. हंगाम संपल्यावर विचारलं, "काय फरक पडला?" तर उत्तर येतं, "बरं आलं यंदा." बरं म्हणजे किती, आणि कशामुळे, हे कुणालाच सांगता येत नाही.

तिळात तर हे फार होतं. पीक कमी खर्चाचं, कमी दिवसांचं, बऱ्याच ठिकाणी उरलेल्या तुकड्यावर टाकलेलं. त्यामुळे त्याच्याकडे लक्षही उरलंसुरलंच जातं. ज्यांना पहिल्यांदाच कृषी विज्ञान केंद्राचं किंवा कृषी विभागाचं प्रात्यक्षिक मिळतंय त्यांच्यासाठी हे लिहिलंय. या वाटेने गेल्यावर एवढं नक्की कळतं की शिकवतो तो शेजारचा जुन्या पद्धतीचा तुकडा आणि हातातली वही. बियाण्याची पिशवी त्यानंतर.

१. कुणाकडे जायचं आणि कधी

दोन दारं आहेत. एक, तुमच्या जिल्ह्याचं कृषी विज्ञान केंद्र. तिथले शास्त्रज्ञ आद्यरेखा प्रात्यक्षिकं, म्हणजे स्वतःच्या देखरेखीखाली शेतकऱ्याच्या शेतात नव्या तंत्राची प्रात्यक्षिकं, घेतात. साधारणपणे एका शेतकऱ्याकडे एक एकर, म्हणजे ०.४० हेक्टर, आणि तेलबियांची समूह प्रात्यक्षिकं असतील तर लगतच्या शेतकऱ्यांचा गट धरतात. एकट्याने जाण्यापेक्षा शिवारातले पाच-दहा जण मिळून गेलात तर काम लवकर होतं. दुसरं दार तालुका कृषी अधिकारी कार्यालयाचं. तिथल्या योजनांचे अर्ज बहुतेक महाडीबीटी या राज्य सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवरून जातात.

केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२४ मध्ये राष्ट्रीय खाद्यतेल अभियान – तेलबिया मंजूर केलं. २०२४-२५ ते २०३०-३१ असा त्याचा काळ आहे आणि त्यातल्या पिकांत तीळ आहे. तेव्हा विचारताना नुसतं "तिळाचं काही आहे का" असं विचारू नका. "तेलबिया अभियानातून किंवा आद्यरेखा प्रात्यक्षिकातून तिळाचा गट घेताय का" असं नेमकं विचारा.

खरिपासाठी मे सरायच्या आत, उन्हाळीसाठी डिसेंबरमध्ये नाव नोंदवा. पाऊस पडल्यावर गेलात तर यादी होऊन गेलेली असते.

सोबत हे कागद न्या:

- सातबारा आणि ८-अ, ताजे काढलेले
- आधार कार्ड
- आधारशी जोडलेल्या खात्याचं बँक पासबुक
- ॲग्रिस्टॅकचा (शेतकऱ्यांच्या सरकारी डिजिटल नोंदणीचा) शेतकरी ओळख क्रमांक
- माती परीक्षणाचा अहवाल किंवा मृद आरोग्य पत्रिका

सातबारा वडिलांच्या किंवा सामाईक नावावर असेल तर लाभार्थी कुणाला धरणार हे आधीच विचारून घ्या आणि लागलं तर संमतीपत्र करून ठेवा. कसणारा एक आणि कागदावर दुसरा, या एका गोष्टीवर ऐन पेरणीत माणसं अडकतात. पेरणीनंतर ई-पीक पाहणीत तिळाची नोंद करायला विसरू नका. सातबाऱ्यावर तीळच नसेल तर पुढे विक्रीच्या नोंदणीला दाखवायचं काय?

शेतातल्या कामासाठी मीटर टेप, सुतळी, खुंट्या, दोन ताडपत्र्या आणि ग्रॅममध्ये वजन दाखवणारा छोटा काटा एवढं पुरतं. आणि एक वही.

२. तुलनेचा तुकडा आधी ठरवा

प्रात्यक्षिकाचा एकर कुठे घ्यायचा हे सगळे ठरवतात. तुलनेचा तुकडा कुठे ठेवायचा हे कुणी विचारत नाही. प्रात्यक्षिकाला लागूनच, त्याच पोताच्या जमिनीत, निदान दहा गुंठे तीळ तुमच्या नेहमीच्या पद्धतीने पेरा. पेरणी दोन्हीकडे शक्यतो एकाच दिवशी करा.

इथे दोन चुका सर्रास होतात. पहिली म्हणजे प्रात्यक्षिकाला विहिरीजवळची काळी कसदार पट्टी आणि तुलनेला मुरमाड कड. मग फरक जमिनीचा निघतो आणि नाव नव्या वाणाचं होतं. दुसरी म्हणजे तुलनेच्या तुकड्याकडे मुद्दाम दुर्लक्ष. जुनी पद्धत म्हणजे तुम्ही दरवर्षी करता तीच. दरवर्षी एक निंदण देत असाल तर याही वर्षी एक द्या.

जमीन निचऱ्याची हवी. तिळाला पाणी साचलेलं अजिबात चालत नाही. मुळाशी पाणी थांबलं की झाड पिवळं पडतं आणि मर लागते. चिबड किंवा खारवट तुकडा असेल तर तिथे प्रात्यक्षिक घेऊच नका. भारी जमीन असेल आणि खरीप असेल तर रुंद वरंबा-सरीवर पेरा. जोराच्या पावसात जादाचं पाणी सरीने निघून जातं.

३. वाण आणि बियाणं

बियाणं केंद्र देईल, पण वाण कोणता आणि का, हे विचारा. महाराष्ट्रात जळगावच्या तेलबिया संशोधन केंद्राचे जेएलटी मालिकेतले वाण आणि अकोल्याच्या कृषी विद्यापीठाचे एकेटी मालिकेतले वाण जास्त चालतात. जेएलटी-४०८ पांढऱ्या टपोऱ्या दाण्याचा, साधारण ८१ ते ८५ दिवसांत येणारा. एकेटी-१०१ पांढऱ्या दाण्याचा, ९० ते ९५ दिवसांचा आणि उन्हाळी हंगामात बराच पेरला जातो. दिवसांचा हिशेब उन्हाळीत फार महत्त्वाचा, कारण उशिरा पेरलं की काढणी मान्सूनपूर्व पावसात सापडते.

पिशवी कुठूनही आलेली असो, उगवण तपासा. शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळा, ओल टिकवा, पाच-सहा दिवसांनी मोजा. ऐंशीच्या खाली उगवले तर केंद्राला कळवा.

पेरणीआधी बीजप्रक्रिया कराच. रासायनिक बुरशीनाशक वापरायचं असेल तर ते आधी, ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला आवरणारी उपयोगी बुरशी) नंतर, आणि दोन्ही एकत्र करायचं का हे शास्त्रज्ञाला विचारून. मर आणि मूळकूज या जमिनीतून येणाऱ्या रोगांना पुढे फवारणीने फारसं आवरता येत नाही. त्यांचा बंदोबस्त इथेच होतो.

४. पेरणी

खरीप तीळ जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यापासून, पुरेशी ओल झाल्यावर पेरा. उन्हाळी तीळ जानेवारीच्या दुसऱ्या पंधरवड्यापासून फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत. थंडी कडक असताना पेरलं तर उगवण रखडते.

दाणा इतका बारीक की ढेकळात तो हरवतो. वखराच्या पाळ्या देऊन, फळी मारून जमीन सपाट आणि भुसभुशीत करा. बियाण्यात तेवढीच बारीक वाळू किंवा चाळलेलं शेणखत मिसळा, म्हणजे तिफणीतून किंवा पाभरीतून सारखं पडतं. दोन ओळींत ३० सेंटिमीटर धरलं तर दोन रोपांत १५, आणि ओळींत ४५ धरलं तर रोपांत १०. खोली अडीच सेंटिमीटरच्या वर नको. उगवण कमी झाली की आपण दोष बियाण्याला देतो, पण पुष्कळदा दाणा खोल गेलेला असतो किंवा पेरणीनंतरच्या सरीने वर पापुद्रा धरलेला असतो.

फेकून पेरायची सवय असेल तर ती तुलनेच्या तुकड्यात चालू द्या.

५. विरळणी: इथे घाई नको

मला विचाराल तर तिळाच्या अख्ख्या प्रात्यक्षिकात सगळ्यात जास्त फरक पाडणारं काम हेच, आणि सगळ्यात जास्त टाळलं जाणारंही हेच.

हिशेब बघा. तिळाच्या हजार दाण्यांचं वजन साधारण तीन ग्रॅम. म्हणजे एक किलोत तीन लाखांच्या वर दाणे. एकरात ३० बाय १५ ने किंवा ४५ बाय १० ने झाडं बसतात सुमारे ८९ हजार. म्हणजे एकरी एक किलोच पेरलं आणि चांगलं उगवलं तरी गरजेच्या तिप्पट रोपं शेतात उभी राहतात. दोन-अडीच किलो टाकणारेही असतात. अशा दाटीत रोपं उंच शिडशिडीत होतात, फांद्या फुटत नाहीत, बोंडं फक्त शेंड्याकडे चार-दोन लागतात आणि वारा आला की लोळतात.

पहिली विरळणी उगवणीनंतर आठवडाभरात, दुसरी पंधरा ते वीस दिवसांच्या आत. ओल असताना करा, म्हणजे शेजारच्या रोपाची मुळं हलत नाहीत. मोजायला सोपं: ३० सेंटिमीटरच्या ओळीत एक मीटर टेप धरा, त्यात सहा-सात रोपं राहिली पाहिजेत. ४५ च्या ओळीत दहा. शेतात पाच ठिकाणी मोजा आणि आकडे वहीत लिहा. तुलनेच्या तुकड्यातही मोजा, तिथे मात्र काही उपटू नका.

हे काम करताना घरातलं कुणीतरी हमखास म्हणतं, "उगवलेलं पीक उपटून टाकताय?" वाईट वाटतंच. मजुरांचाही हात आखडतो, आणि दुपारनंतर विरळणी नुसती नावाला राहते. म्हणून पहिली एक ओळ स्वतः करून दाखवा आणि दिवस संपायच्या आत टेप घेऊन दोन ओळी तपासा.

६. खत, तण, पाणी

खताची मात्रा माती अहवाल आणि तुमच्या भागातल्या विद्यापीठाची शिफारस बघून ठरवा. उदाहरणादाखल, एकरी १० किलो नत्र आणि १० किलो स्फुरद धरलं तर २२ किलो युरिया आणि सव्वा गोणी, म्हणजे साडेबासष्ट किलो, सिंगल सुपर फॉस्फेट लागतं. निम्मा युरिया आणि सगळं सुपर पेरताना, उरलेला युरिया महिन्याभराने, ओल बघून. स्फुरद सुपरमधूनच द्या असं सांगतात त्याला कारण आहे. त्याच गोणीतून सात किलोच्या आसपास गंधकही मिळतं आणि तेलबियांना गंधक लागतं. डीएपी घातलं तर ते वेगळं विकत घ्यावं लागेल.

तिळाची सुरुवातीची वाढ सावकाश असते, त्यामुळे पहिला महिना तण वरचढ होतं. पंधरा-वीस दिवसांनी कोळपणी किंवा डवरणी आणि खुरपणी, आणि गरज पडली तर महिन्याच्या आत अजून एकदा. नंतर पीक स्वतःच जमीन झाकतं.

उन्हाळीला जमिनीप्रमाणे आठ ते बारा दिवसांनी पाणी. फुलोरा आणि बोंडं भरताना ताण बसू देऊ नका. पाणी मोजून द्या. प्रत्येक पाळीची तारीख वहीत गेली पाहिजे.

७. कीड आणि रोग

दोघांवर नजर ठेवली तरी बरंच काम होतं.

पहिली, पाने गुंडाळणारी आणि बोंड पोखरणारी अळी. कोवळ्या शेंड्याची पानं जाळीने एकत्र चिकटलेली दिसली की उघडून बघा, आत हिरवट अळी असते. सुरुवातीला हीच अळी पानं खाते आणि पुढे बोंडात शिरते. त्यामुळे शेंड्यावर दिसली तेव्हाच ५ टक्के निंबोळी अर्क फवारणं फायद्याचं ठरतं.

दुसरा, पर्णगुच्छ. फुलाच्या जागी हिरव्या बारीक पानांचा झुपका येतो, बोंड धरतच नाही. हा रोग तुडतुड्यांमार्फत पसरतो. अशा झाडाला औषध नाही. दिसलं की उपटून शेताबाहेर नेऊन नष्ट करा. लांबून बघताना ते झाड उलट हिरवंगार आणि जोमदार वाटतं, म्हणून नवखा माणूस ते राखून ठेवतो.

कीटकनाशक घ्यायची वेळ आली तर लेबलवर तिळाची शिफारस आहे का ते बघूनच घ्या. फुलोऱ्यात मधमाश्या असतात, तेव्हा फवारणी संध्याकाळी. आणि प्रात्यक्षिकात जे फवारलं ते शेजारच्या तुकड्यावर उडू देऊ नका, नाहीतर तुलनाच बिघडते.

८. काढणी: अर्धं उत्पन्न इथे सांडतं

तिळाचं बोंड पिकलं की स्वतःच्या टोकाकडून उकलतं. खालची बोंडं आधी पिकतात, वरची मागाहून. सगळी बोंडं वाळायची वाट बघितली तर खालच्यातले दाणे तोवर जमिनीवर गेलेले असतात. म्हणून साधारण तीन चतुर्थांश पानं आणि बोंडं पिवळी पडली की कापणीला घ्या. सकाळी, दव असताना कापा.

पेंढ्या लहान बांधा आणि खळ्यावर ताडपत्री अंथरून त्या उभ्याच रचा, शेंडे वर. आडव्या टाकल्या तर उकललेल्या बोंडातून तीळ निघून जातो. चांगलं ऊन मिळालं की चार-पाच दिवसांत बोंडं उघडतात. मग पेंढी उचलून ताडपत्रीवर उलटी करायची आणि हलक्या हाताने झटकायची. पुन्हा उभी ठेवायची, दोन-तीन दिवसांनी पुन्हा झटकायची. काठीने बडवलं तर काड्या, पानांचा चुरा आणि माती सगळं तिळात येतं आणि तो निवडताना जीव जातो.

शेत ते खळं ही वाहतूकही ताडपत्रीत गुंडाळूनच. प्रात्यक्षिकाच्या आणि तुलनेच्या पेंढ्या वेगळ्या ठेवा, वेगळ्या खुणेने बांधा. इथे मिसळल्या तर हंगामभराची वही वाया गेली.

९. उत्पादन मोजायचं कसं

५ बाय ४ मीटरची चौकट म्हणजे २० चौरस मीटर, एकराचा दोनशेवा भाग. ही सुतळी-खुंट्यांची चौकट प्रत्येक तुकड्यात तीन ठिकाणी, पीक गुडघ्याएवढं असतानाच ठोकून ठेवा. काढणीच्या दिवशी ठोकायला गेलात तर पाय आपोआप चांगल्या जागेकडेच वळतात. त्या चौकटीतला तीळ वेगळा काढा, वाळवा, वजन करा, तिन्हींची सरासरी घ्या आणि दोनशेने गुणा.

समजा प्रात्यक्षिकात सरासरी १.५ किलो आला, तर एकरी ३०० किलो. तुलनेत १.१ किलो, तर २२० किलो. मधल्या ८० किलोंना शास्त्रज्ञ विस्तार तफावत म्हणतात, म्हणजे शिफारस तुमच्यापर्यंत न पोहोचल्यामुळे जे हुकत होतं ते. वाणाची क्षमता समजा एकरी ३५० किलो सांगितली असेल, तर ३५० वजा ३०० म्हणजे ५० ही तंत्रज्ञान तफावत. ती जमीन, पाऊस आणि हवामानाची असते.

आता एक आकडा कुणी काढत नाही तो काढा. अख्ख्या एकराचा ढीग प्रत्यक्ष किती भरला? चौकटीने ३०० सांगितले आणि ढीग २५० भरला, तर ५० किलो तीळ कापणी, वाहतूक आणि झटकणीत सांडला. पुढच्या वर्षी तुम्हाला नवा वाण आधी हवा की दोन ताडपत्र्या, ते या आकड्यावरून ठरवा.

१०. पैशांचा हिशेब

उत्पादन वाढलं म्हणजे मिळकत वाढलीच असं नाही. फक्त जादाचा खर्च आणि जादाचं उत्पन्न समोरासमोर मांडा. २०२५-२६ च्या खरिपासाठी तिळाचा हमीभाव क्विंटलला ९,८४६ रुपये जाहीर झाला होता. त्या भावाने वरचे ८० किलो साधारण ७,८७७ रुपयांचे. विरळणीची मजुरी, बीजप्रक्रिया, सुपर फॉस्फेट, फवारणी मिळून जादाचा खर्च समजा ३,५०० रुपये झाला, तर जादाच्या प्रत्येक रुपयामागे सव्वादोन रुपये परत आले. प्रत्यक्ष हिशेबात मात्र तुम्हाला हातात पडलेला भाव धरा, आडत, हमाली, तोलाई वजा करून.

प्रात्यक्षिकात फुकट मिळालेलं बियाणं आणि औषध बाजारभावाने खर्चात धरा. पुढच्या वर्षी ते विकतच घ्यायचंय. घरच्या माणसांची मजुरीही धरा. या दोन गोष्टी सोडल्या की कागदावर नफा फुगतो आणि केंद्राची मदत थांबल्यावर शेतकरी तंत्र सोडून देतो.

विकताना पांढरा तीळ आणि तुलनेतला मिश्र रंगाचा गावठी तीळ एकत्र करू नका. व्यापारी मूठ उघडून रंग बघतो, मग मातेरं, मग दातांखाली दाणा चावून ओल. चाळणी मारून, कडक वाळवून नेलेल्या मालाला बोलायला जागा राहते. खरिपाचा माल कोरडा ठेवता येत असेल तर संक्रांतीच्या आधीची मागणी बघूनही विकता येतो, पण घरात ओलसर जागा असेल तर हा मोह टाळा. जवळ तेलघाणा असेल तर थोडा तीळ गाळून बघा. तेल किती उतरलं तेही वहीत लिहा आणि पेंड जनावरांना जाते.

११. शेतीदिन आणि पुढचं बियाणं

बोंडं भरली की केंद्र शिवार फेरी किंवा शेतीदिन घेतं. पाहुण्यांना आधी तुलनेच्या तुकड्यात न्या, मग प्रात्यक्षिकात. दोन्हीकडचं एकेक झाड उपटून फांद्या आणि बोंडं त्यांनाच मोजू द्या. भाषणापेक्षा त्या मोजणीवर जास्त प्रश्न येतात.

तीळ मुख्यतः स्वपरागित आहे आणि हे वाण संकरित नाहीत, त्यामुळे घरचं बियाणं पुढे वापरता येतं. उभ्या पिकात पर्णगुच्छ आणि वेगळ्या रंगाच्या फुलांची झाडं काढलेल्या मधल्या पट्ट्यात चांगल्या झाडांना खूण करा. त्यांच्या पेंढ्या आधी आणि वेगळ्या झटका, सावलीत वाळवा, आणि पिशवीवर वाण, हंगाम आणि काढणीची तारीख लिहून ठेवा. एकरासाठी किलोभर लागतं, दोन किलो राखलं की शेजाऱ्यालाही देता येतं.